गाडी चालवताना फोन : बंदी नेमकी कुणावर?

प्रश्न एका छोट्या ट्रान्सपोर्ट मालकांचा आहे. त्यांच्याकडे दोन आयशर आणि चार छोटा हत्ती. माल चाकणहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूरकडे जातो. ते विचारतात : "गाडी चालवताना मोबाइलवर पूर्ण बंदी घाला असं सगळेच म्हणतात, पण आमचा धंदाच फोनवर चालतो. मी सगळ्या ड्रायव्हरांना ब्लूटूथ घेऊन दिला आहे. तेवढं पुरेसं नाही का? पूर्ण बंदी व्यवहारात शक्य तरी आहे का?"

आधी उत्तर देऊन टाकतो. बंदी हवी. हातात फोन धरण्यावर ती आहेच, ती नीट राबवली पाहिजे. भाड्याने माल किंवा माणसं नेणाऱ्या गाड्यांवर तर ती ब्लूटूथसकट हवी. खासगी कारमधल्या ब्लूटूथवर मात्र कायद्याने बंदी घालून फार काही साधेल असं मला वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आणि तुमच्या सहा गाड्यांपुरतं विचाराल तर ड्रायव्हरवर बंदी घालण्याआधी ती तुमच्या ऑफिसातल्या फोनवर घालावी लागेल. बरीच वर्षं ट्रकचालक आणि कंपन्यांच्या स्टाफ-बसचे चालक यांना शिकवतो आहे, त्यातून बनलेलं हे मत आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याबद्दल ड्रायव्हरांमध्ये आणि मालकांमध्येही बरेच गैरसमज आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एक स्पष्टीकरण जोडलं. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्या पंगतीत चालत्या गाडीत हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणंही जाऊन बसलं. कागदावरची शिक्षा जबर आहे. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड. पण त्याच कायद्याच्या कलम २०० ने या एका प्रकारासाठी तडजोडीची, म्हणजे ठरलेली रक्कम भरून कोर्ट टाळण्याची, वाट उघडी ठेवली आहे. कलम १८४ मधल्या बाकी प्रकारांना ती वाट नाही, फोनला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून ही तडजोड रक्कम दुचाकीला १००० आणि चारचाकीला २००० रुपये झाली. म्हणजे तुरुंगात नेऊ शकणारा गुन्हा एका चलानावर निभावतो, आणि ते चलानही मोबाइलवर येऊन पडतं. कित्येकांची चलानं वर्षानुवर्षं थकलेली असतात.

पैसे भरले म्हणजे प्रकरण मिटलं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये लायसन्स निलंबित करण्याची जी कारणं आहेत त्यांत गाडी चालवताना मोबाइल वापरणं स्पष्ट लिहिलेलं आहे. रस्ता सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की अशा चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला २००० रुपयांपेक्षा तीन महिने घरी बसणं कितीतरी भारी पडतं. ही तरतूद आरटीओने मनावर घेतली असती तर नव्या बंदीची चर्चा करायची वेळच फारशी आली नसती.

या सगळ्यात तुमचा ब्लूटूथ कुठे बसतो? कायद्याचा शब्द 'हातात धरलेलं' असा आहे. कानात बड लावून किंवा डॅशबोर्डच्या स्पीकरवर बोलणं त्यात सरळ येत नाही. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायलाही नियमांनी मुभा दिली, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही एवढी अट घालून. त्यामुळे ब्लूटूथ घेऊन देऊन तुम्ही चलान वाचवलं हे खरं. अपघात वाचवला का, हा वेगळा हिशेब आहे.

त्या हिशेबात पहिली भर पडली १९९७ मध्ये. टोरांटोच्या दोन संशोधकांनी, रेडेलमायर आणि तिब्शिरानी यांनी, अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका साधारण चौपट निघाला, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ इथे, अपघातानंतर इस्पितळात आलेल्या चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही चौपट, तिथेही हँड्सफ्रीला सूट नाही. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने २००६ मध्ये ४० जणांना सिम्युलेटरवर बसवलं, एकदा फोनवर बोलताना आणि एकदा रक्तात ०.०८ टक्के दारू असताना. आपल्याकडची मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे ही चांगलीच चढलेली अवस्था. पुढच्या गाडीला मागून ठोकलं ते फोनवर बोलणाऱ्यांपैकी तिघांनी, दारू प्यायलेल्यांपैकी एकानेही नाही. (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास एक जण म्हणतो, "मग सर, दारूच बरी!" तेव्हा तेही स्पष्ट करतो : तुलना दोन वाईट गोष्टींची आहे.)

ब्लूटूथने हात मोकळा होतो, डोकं मोकळं होत नाही. बोलणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, पण समोरच्या गाडीचा लाल दिवा दिसूनही तो मनापर्यंत उशिरा पोचतो. आरशात पाहणं कमी होतं, नजर नाकासमोर गोठते. शेजारी बसून शिकवताना हे मला चालकाचा चेहरा न बघताही कळतं. फोन सुरू झाला की उजवा आरसा बघणं थांबतं, गिअर एक पायरी वर राहतो, वेग आपोआप थोडा उतरतो आणि गाडी लेनच्या एका कडेला सरकू लागते. चालकाला यातलं काहीच जाणवत नसतं. फोन ठेवल्यावर विचारलं, "मघाशी डाव्या बाजूला शाळेचा बोर्ड होता, पाहिलास का?" तर बहुधा उत्तर येतं, "कुठला बोर्ड?"

इथे नेहमीची हरकत येते : मग शेजारी बसलेल्या क्लीनरशी बोलणंही बंद करायचं का? नाही. शेजारचा माणूसही तोच रस्ता पाहत असतो. साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडून एस वळणाला लागलात की तो आपसूक गप्प होतो, किंवा "ओ, समोर बघा" म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही, तो बिलाच्या रकमेबद्दल बोलतच राहतो. युटाच्याच गटाने २००८ मध्ये हेही तपासलं. ठरलेल्या ठिकाणी हायवेवरून बाहेर पडायला सांगितलं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा फाटा चुकला, शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेक बरोबर उतरले.

आता उलट बाजू, कारण ती सांगितली नाही तर ड्रायव्हर आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता रस्ता मोकळा असतो, डोळे मिटायला लागतात आणि घरी किंवा दुसऱ्या ट्रकवाल्या दोस्ताशी गप्पा मारत राहिलं की झोप उडते, असं कितीतरी अनुभवी चालक सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संस्थेने खऱ्या ट्रकांत कॅमेरे बसवून अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा हँड्सफ्रीवर नुसतं बोलल्याने धोका वाढलेला दिसला नाही. सिम्युलेटरवरचे आणि रस्त्यावरचे निष्कर्ष असे जुळत नाहीत आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर वाद आहे. मात्र त्याच अभ्यासात एक आकडा असा निघाला की त्यावर कुणाचं दुमत नाही : चालत्या ट्रकमध्ये मेसेज टाइप करणाऱ्याचा धोका २३ पट. सहा सेकंदांच्या टप्प्यात सरासरी ४.६ सेकंद नजर फोनवर होती. आपल्याकडे ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एवढ्या वेळात १०० मीटर पुढे गेलेली असते.

झोपेबद्दल माझं म्हणणं असं की झोप येणाऱ्या माणसाला फोनवर जागं ठेवणं हा दुखण्यावर नव्हे, दुखण्याच्या बोंबलण्यावर उपाय आहे. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांनी त्याची जागा घेईपर्यंत, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत होता. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला तो लागू होता, म्हणजे तुमच्यासारख्यालाही. ज्या चालकाला जागं राहायला फोन लागतो त्याच्या ड्युटीचा हिशेब आधी तपासा.

दुचाकीवर फार वेळ घालवत नाही, कारण तुमचा प्रश्न तो नाही. पण हेल्मेटच्या कुशनमध्ये फोन कोंबून किंवा मान खांद्याला टेकवून जाणारे पुण्यात दर चौकात दिसतात. मान एका बाजूला कलली की त्या बाजूचा आरसा गेला, आणि फोन निसटायला लागला की हँडलवरचा एक हात गेला. यावर चर्चाच नको, सरळ लायसन्स निलंबित व्हावं.

"मोबाइलमुळे असे कितीसे अपघात होतात?" हाही प्रश्न मालक लोक विचारतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले मोबाइल वापरामुळे म्हणून नोंदलेले मृत्यू ३,३९५, म्हणजे साधारण दोन टक्के. अतिवेगाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर. आकडे पाहून वाटेल की फोन हा किरकोळ विषय आहे. पण ही नोंद होते कशी ते बघा. पोलीस पंचनामा करतात तेव्हा ब्रेकच्या खुणा दिसतात, गाडीची अवस्था दिसते. फोन कुठेतरी सीटखाली पडलेला असतो. चालक वाचला असेल तर "समोरचा अचानक आडवा आला" म्हणतो. कॉलचा तपशील कंपनीकडून मागवायचा तर टकरीचा नेमका मिनिट ठाऊक हवा, तो क्वचितच असतो. त्यात आता अर्धंअधिक बोलणं व्हॉट्सॲपवरून होतं, आणि ते साध्या कॉलसारखं त्या तपशिलात उतरत नाही. रील बघत होता की नाही, हे तर कोण सांगणार? मग अशा घटनेवर अतिवेग किंवा निष्काळजीपणा असा शिक्का बसतो. दोन टक्के ही पकडलेल्यांची संख्या आहे, घडलेल्यांची नाही.

खासगी कारमधल्या ब्लूटूथवर कायदेशीर बंदी नको असं मी म्हणतो ते याच कारणाने. काचेआडून माणूस गुणगुणतोय, देवाचं म्हणतोय की फोनवर बोलतोय, हे पोलिसाने ठरवायचं कसं? राबवता न येणारा नियम पोलिसाच्या हातात आणखी एक चिरीमिरीचं निमित्त देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, डिसेंबर २०११ मध्ये सगळ्या राज्यांना शिफारस केली होती की तातडीचं कारण सोडून चालकाने फोन वापरूच नये, मग तो हँड्सफ्री का असेना. तिला निमित्त झाला मिसुरीतला एक अपघात. एका एकोणीस वर्षांच्या पिकअप चालकाने अकरा मिनिटांत अकरा मेसेजची देवाणघेवाण केली होती, तो पुढच्या, ट्रेलर न जोडलेल्या ट्रकवर आदळला आणि मागच्या दोन स्कूलबस त्या ढिगाऱ्यावर. दोघांचा जीव गेला, ३८ जखमी झाले. शिफारस शास्त्राला धरून होती. तरी आजवर तिथल्या एकाही राज्याने सगळ्या चालकांसाठी हँड्सफ्रीसकट बंदी घातलेली नाही, कारण अडचण तिथेही तीच.

हातातला फोन मात्र कॅमेऱ्याला दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०१९ मध्ये नेमके त्यासाठी कॅमेरे बसवले. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली आणि ती फोन टिपते. तिचा गुण आला आहे, फक्त ड्रायव्हरांना कॅमेऱ्यांच्या कमानी पाठ झाल्या आहेत. कमान आली की फोन मांडीवर, कमान गेली की कानाला.

आता तुमच्या ऑफिसकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. ट्रक चालवणारा माणूस स्वतःहून कुणाला फोन करतो त्यापेक्षा त्याला येणारे फोन किती तरी जास्त असतात. "कुठवर आली गाडी?" हा त्यातला निम्मा भाग. उरलेल्यात पार्टीचा, म्हणजे मालाच्या गिऱ्हाइकाचा फोन, माल उतरवणाऱ्या मुकादमाचा फोन, पुढची ट्रिप जमवणाऱ्या दलालाचा फोन. गंमत अशी की गाडीला जीपीएस लावलेलं असतं, ऑफिसातल्या स्क्रीनवर गाडी शिरवळला आहे हे दिसत असतं, आणि तरीही तिथला माणूस फोन लावून विचारतो, "कुठाय रे?" ड्रायव्हरने नाही उचलला तर संध्याकाळी "शेठचा फोन उचलायला जड जातं का?" हे ऐकून घ्यायचं. पुढची चांगली ट्रिप दुसऱ्याला जाते. अशा माणसाला रस्ता सुरक्षेचं व्याख्यान देण्यात काय अर्थ आहे? भाषणं ऐकून घेतो बिचारा, पण पगार कोण देतो हे त्याला ठाऊक आहे.

मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्याला येणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशाने त्याचा व्हिडिओ काढून थेट परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचवला. चालकाची नोकरी गेली आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला दंड झाला. कारवाई योग्यच होती. मॅच बघायला त्याला कुणी फोन करून सांगितलं नव्हतं, आणि एसटीने चालकांना तशी मनाई आधीच केली होती. पण त्या प्रकरणातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट कंपनीला झालेला दंड आहे. आपल्याकडे असं क्वचित घडतं.

कायद्यात त्याला आधार नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ सांगतं की कलम १८४ च्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा साथ देतो त्यालाही तीच शिक्षा. चालकाच्या हातात फोन आहे आणि गाडी चालू आहे हे ठाऊक असून त्याला बोलत ठेवणारा यात का बसू नये? वेगाच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे गेला आहे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असं वेळापत्रक मालकाने ठरवून दिलं, तर तोच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा मानता येतो. ते कलम १८३ मध्ये लिहिलेलं आहे. फोनसाठी याच धर्तीवर एक ओळ हवी : व्यावसायिक गाडीच्या चालकाने चालत्या गाडीत फोन घेतला आणि तो मालकाचा किंवा मालकाच्या ॲपचा असेल, तर मालकही जबाबदार. ब्रिटनच्या नियमांत दुसऱ्याला फोन वापरायला लावणं किंवा वापरू देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्ण बंदी मागणाऱ्यांनी ही मागणी केली तर मी त्यांच्यासोबत आहे.

ॲपवाल्यांचं तर बोलायलाच नको. कॅब किंवा डिलिव्हरीच्या मुलाला चालत्या गाडीत ऑर्डर येते, स्क्रीनवर सेकंद मोजले जातात आणि तेवढ्यात बोट लावलं नाही तर ऑर्डर गेली. त्याच्या फोनला आपण किती वेगाने चाललो आहोत हे कळत असतं. चाकं थांबल्यावरच ऑर्डर दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, धंद्याच्या दृष्टीने अवघड आहे.

तुमच्याकडे हे कसं करता येईल? बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, ड्रायव्हरचा मोबाइल नंबर लिहिणं बंद करा, ऑफिसचा लिहा. एवढ्यानेच पार्टीचे फोन थांबतात. गाडीची जागा पार्टीला जीपीएसच्या लिंकवरून कळवा. ऑफिसने ड्रायव्हरला फोन लावायचा नाही, मेसेज टाकायचा. तो थांबेल तेव्हा वाचेल आणि उलट फोन करेल. कोल्हापूरपर्यंतच्या वाटेत चहाला, डिझेलला, जेवायला थांबे येतातच, ते ठरवून घ्या म्हणजे दोन्ही बाजूंना अंदाज राहतो. अगदी तातडीचं असेल तर लागोपाठ दोन मिस्ड कॉल, आणि ड्रायव्हरने गाडी पंपावर किंवा ढाब्यावर घेऊनच परत फोन करायचा. हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर उभं राहून नाही, कारण मागून ठोकर बसण्याची तीच जागा. मॅप निघतानाच लावायचा, आवाज चालू ठेवायचा आणि फोन स्टँडवर; रस्ता बदलायचा तर गाडी थांबवून. फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, त्यातून "गाडी चालवतोय, थांबल्यावर करतो" असं उत्तर आपोआप जातं. ते एकदा बसून सगळ्यांच्या फोनमध्ये लावून द्या. घरच्यांनाही सांगा. ड्रायव्हरच्या बायकोने पहिला प्रश्न "जेवलात का?" ऐवजी "गाडी चालू आहे का?" असा विचारायचा आणि हो म्हटलं की फोन ठेवायचा, हे मी चालकांच्या कुटुंब मेळाव्यांत सांगतो. बायका ते पाळतात, मालकांना जड जातं.

पहिले काही आठवडे पार्ट्या ओरडतील. एखादी सुटेलही. पण माल वेळेवर पोचतो आहे असं दिसलं की बहुतेकांना ड्रायव्हरशी बोलायची गरज उरत नाही.

नियम मोडल्यावर लगेच पगार कापू नका. चालत्या गाडीत फोन घेतलेला सापडला तर आधी त्याचा कॉल-लॉग उघडा आणि फोन कुणाचा होता ते बघा. नाशिककडचे माझ्या ओळखीचे एक ट्रान्सपोर्टर आहेत. त्यांनी ऑफिसात एक डबा ठेवला आहे : ऑफिसमधून चालत्या गाडीला फोन गेला की लावणाऱ्याने शंभर रुपये टाकायचे. महिनाअखेरीला त्या पैशांतून ड्रायव्हरांना जेवण. डब्यात सगळ्यात जास्त पैसे शेठचेच असतात, असं त्यांचेच ड्रायव्हर मला हसत सांगतात.